पाच वर्षांची खुर्ची

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवरची एक खुर्ची २०२६ ते २०३० या पाच वर्षांसाठी हवी असेल, तर तिची किंमत ऑल इंग्लंड क्लबने ठेवली १,१६,००० पौंड. रुपयांत ही रक्कम सव्वा कोटीच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजून क्लबचं सभासदत्व मिळत नाही आणि रॉयल बॉक्समधल्या ७४ वेताच्या खुर्च्यांपैकी एकीवरही बसता येत नाही. पाच वर्षं सरली की हक्कही सरतो. दर वर्षी जूनअखेरीस सुरू होणाऱ्या स्पर्धेचे चौदा दिवस त्या कोर्टवर एक चांगली जागा आणि खाण्यापिण्याच्या राखीव दालनांत प्रवेश, एवढंच पदरात पडतं. अशा २,५२० जागा क्लबने विक्रीला काढल्या. गुणाकार केला तर रक्कम २९ कोटी पौंडांवर जाते. सेंटर कोर्टवर जवळजवळ पंधरा हजार माणसं बसतात, म्हणजे साधारण सहांतली एक खुर्ची या पद्धतीने पाच-पाच वर्षांसाठी आगाऊ विकलेली असते.

या हक्काला तिथे डिबेंचर म्हणतात. कंपन्यांची डिबेंचरं आपल्याकडेही अनेकांच्या घरच्या कागदपत्रांत सापडतात: पैसे गुंतवा, ठरल्या वेळी व्याज घ्या, मुदत संपली की मुद्दल परत. विम्बल्डनचं डिबेंचर कागदोपत्री त्याच जातीचं आहे. ऑल इंग्लंड लॉन टेनिस ग्राउंड नावाची कंपनी ते काढते आणि तिच्या नोंदवहीत धारकाचं नाव चढतं. व्याज मात्र एक छदामही मिळत नाही. भरलेल्या रकमेतला अगदी लहान हिस्सा दर्शनी मूल्य म्हणून धरतात आणि मुदतीनंतर तेवढाच परत करतात. बाकीचं सगळं अधिमूल्य आणि त्यावरचा व्हॅट. ते पैसे गेले ते गेले. तरीही घेणाऱ्यांची वाण पडत नाही, आणि हे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललं आहे. क्रीडाविश्वातले बरेच अर्थव्यवहार वाचले, तरी मला याहून देखणी रचना दुसरी दिसलेली नाही. म्हणून ती नीट उलगडून सांगावीशी वाटते.

क्लबची स्थापना १८६८ची, तीही क्रोकेसाठी. लॉन टेनिस तिथे नंतर आलं. पहिली स्पर्धा १८७७ साली वर्पल रोडवरच्या जुन्या मैदानावर झाली. मैदानावर फिरवायचा घोड्याचा रोलर बिघडला होता आणि दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवली, अशी तिची जन्मकथा सांगतात. बावीस खेळाडू उतरले. एकेक शिलिंग देऊन दोनेकशे माणसांनी अंतिम सामना पाहिला आणि स्पेन्सर गोर पहिला विजेता ठरला. प्रेक्षकाच्या पैशातून मैदानाची डागडुजी करण्याची रीत अशी पहिल्याच वर्षी पडली.

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत वर्पल रोडचं मैदान अपुरं पडू लागलं होतं. १९१९ साली फ्रान्सहून सुझान लेंग्लेन आली. वय वीस, पोशाख त्या काळच्या मानाने धाडसी, आणि खेळ नाचल्यासारखा. अंतिम फेरीत तिच्यासमोर सात वेळा जिंकलेल्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होत्या, चाळिशी गाठलेल्या. लेंग्लेनने १०-८, ४-६, ९-७ असा तो सामना जिंकला आणि पुढच्या वर्षांत तिला पाहायला अशी झुंबड उडू लागली की मैदानाच्या भिंती कमी पडल्या. नवी जागा घेणं भाग होतं. चर्च रोडला जमीन पाहिली, कॅप्टन स्टॅनली पीच यांनी नव्या सेंटर कोर्टचा आराखडा केला. प्रश्न पैशाचा होता. क्लब खासगी आणि सभासद मोजके. भागभांडवल उभारावं तर मालकी बाहेरच्यांच्या हाती जाणार, बँकेचं कर्ज काढावं तर पंधरवड्याच्या स्पर्धेच्या कमाईतून व्याज कसं फेडायचं? १९२० साली ग्राउंड कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली डिबेंचरं निघाली. मैदान अजून बांधून व्हायचं होतं, पण त्यातल्या खुर्च्यांवरचा हक्क लोकांनी विकत घेतला.

राजे पाचवे जॉर्ज यांनी १९२२ साली नव्या मैदानाचं उद्घाटन केलं. त्या वर्षी स्पर्धेच्या एकूण एक दिवशी पाऊस पडला आणि सामने तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी संपले. ज्यांनी खुर्चीचे पैसे आधी भरले होते त्यांच्यासाठी हा शकुन काही बरा नव्हता. पण लोक येतच राहिले, इतके की १९२४पासून सर्वसाधारण तिकिटांसाठी सोडत काढावी लागली. ती आजही चालू आहे.

ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मन बॉम्ब सेंटर कोर्टवर पडला आणि बाराशे खुर्च्यांची जागा उद्ध्वस्त झाली. १९४६ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा छपराचा तो कोपरा मोडलेलाच होता; संपूर्ण दुरुस्तीला १९४९ उजाडलं. खुर्ची ही मालमत्ता म्हणून किती नाजूक असते, हे त्या वर्षांइतकं उघड पुन्हा कधी झालं नाही.

आता मूळ प्रश्न. व्याज नाही, मुद्दल जवळजवळ नाही, तर धनकोला मिळतं काय? खेळ पाहायला मिळतो हे खरं. पण अडीच हजार खुर्च्यांसाठी लोक दर पाच वर्षांनी एवढी मोठी रक्कम देतात त्यामागे आणखी एक कलम आहे, आणि सगळ्या रचनेचा भार त्याच्यावर आहे: डिबेंचरचं तिकीट विकता येतं.

विम्बल्डनमध्ये ही केवढी मोठी सवलत आहे ते समजायला इतर तिकिटांकडे पाहायला हवं. सोडतीत लागलेलं तिकीट ज्याच्या नावावर लागलं त्याचंच. ते चढ्या भावाने विकायचं नाही, जाहिरात देऊन विकायचं नाही. विकल्याचं आढळलं तर तिकीट रद्द, आणि घेणारा दारातून परत. साउथफील्ड्स स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं काळाबाजारवाले फिरत आले आणि क्लब त्यांच्याशी झगडत आला. इतक्या कडक घरात एकाच वर्गाच्या तिकिटांना खुली मुभा आहे. डिबेंचरधारक आपलं तिकीट मित्राला देऊ शकतो, दलालाला विकू शकतो, बाजारात येईल तो भाव घेऊ शकतो, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. घेणाराही ते तिकीट दाखवून राखीव दालनांत उजळ माथ्याने जातो.

म्हणजे क्लब व्याज देत नाही, पण व्याज कमावण्याची परवानगी देतो. ते व्याज क्लबच्या तिजोरीतून जात नाही. ऐनवेळी अंतिम सामना पाहायचाच अशा हट्टाने आलेला तिसराच कोणीतरी ते भरतो. १९२०पासूनच्या या रचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट मला हीच वाटते. पुनर्विक्रीचा हक्क काढून घेतला तर या डिबेंचरचा भाव दुसऱ्या दिवशी कोसळेल, आणि त्याबरोबर क्लबची बांधकामाची थैलीही रिकामी होईल.

हिशेब करून पाहू. पाच वर्षं, दर वर्षी चौदा दिवस, म्हणजे सत्तर तिकिटं. १,१६,००० पौंडांना सत्तरने भागलं की एका तिकिटाला साधारण १,६५७ पौंड पडतात. २०२४च्या पुरुष अंतिम सामन्याचं सेंटर कोर्टचं सोडतीतलं तिकीट २७५ पौंडांचं होतं. म्हणजे डिबेंचरधारकाचं पहिल्या सोमवारचं तिकीटसुद्धा सोडतवाल्याच्या अंतिम सामन्याच्या तिकिटाच्या सहापट महाग पडतं. हे पैसे वसूल होतात ते सगळे दिवस सारखे नसल्यामुळे. पुरुषांच्या अंतिम सामन्याचं डिबेंचर तिकीट काही हजार पौंडांना जातं. शुक्रवारची पुरुष उपांत्य फेरी आणि शनिवारचा महिला अंतिम सामना त्याखालोखाल. पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या गुरुवारी भाव खाली येतो, कारण त्या दिवशी सेंटर कोर्टवर कोण खेळणार हे आदल्या दिवशीच जाहीर होतं. घेणाऱ्याने महिनाभर आधी पैसे मोजलेले असतात ते अंदाजावर. त्यातल्या त्यात सोमवार खात्रीचा. पुरुषांचा गतविजेता सेंटर कोर्टवर पहिला सामना खेळून स्पर्धा उघडतो, हा प्रघात आहे.

बरेच धारक मधला मार्ग काढतात. काही दिवस स्वतः कुटुंबाला घेऊन जायचं, काही दिवस गिऱ्हाइकांना किंवा भागीदारांना न्यायचं, उरलेले विकायचे. कोणी उलट करतो: अंतिम सामने विकून टाकतो, त्या पैशात पहिल्या आठवड्यातली बसायची चैन फुकट पडते. खरं टेनिस पाहायचं तर पहिलाच आठवडा, असं मानणाऱ्या जाणकारांचा हा आवडता डाव. जागा एकट्याची घेऊन फारसा उपयोग नसतो. लोक शेजारच्या दोन हव्या म्हणून दोन डिबेंचरं घेतात, आणि पुनर्विक्रीत जोडीला मागणीही जास्त.

तिकिटं सुटी न विकता आख्खं डिबेंचरही विकता येतं. त्यासाठी दलालामार्फत व्यवहाराची अधिकृत सोय आहे आणि झालेल्या व्यवहारांचे भाव जाहीर होतात. हा बाजार पाहण्यासारखा असतो. जमीन किंवा शेअर ठेवून दिला तर वाढेल अशी आशा धरता येते. इथे दर जुलैमध्ये एक स्पर्धा संपते आणि डिबेंचरमधली चौदा तिकिटं कायमची झडतात. पाचव्या वर्षीच्या स्पर्धेनंतर हातात दर्शनी मूल्य आणि एक गोष्ट उरते, ती म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या मालिकेत आधी अर्ज करण्याचा मान. जुन्या धारकांना नव्या विक्रीत प्राधान्य मिळतं आणि त्यांनी सोडलेल्या जागा नव्यांकडे येतात. काही घराण्यांत ही खुर्ची मालिकेमागून मालिका चालत येते त्याचं कारण हे प्राधान्य. कितीही भाव वाढला तरी एकदा हातची गेली की पुन्हा मिळणं अवघड, ही भीती धारकाला दर पाच वर्षांनी चेकबुक काढायला लावते.

भाव कसे चढले ते पाहा. २०११ ते २०१५च्या मालिकेत सेंटर कोर्टचं डिबेंचर २७,७५० पौंडांना होतं. पुढच्या मालिकेत ५०,०००. २०२१ ते २०२५साठी ८०,०००. आणि आता १,१६,०००. पंधरा वर्षांत चौपटीहून जास्त. या चढणीला एक मोठं कारण पावसाचं आहे. विम्बल्डनचं तिकीट म्हणजे पूर्वी अर्धा जुगार असे; ताडपत्र्या ओढणारी मुलं पाहत दिवस निघून जाई. २००९ साली सेंटर कोर्टवर सरकतं छत आलं. हलणाऱ्या भागाचं वजन हजार टन, दहा पोलादी कैच्या, प्रत्येकीचा पल्ला ७७ मीटरच्या आसपास, वर अर्धपारदर्शक कापड. दोन्ही बाजूंनी ते सरकत येऊन दहा मिनिटांत मिटतं. मग खरं काम सुरू होतं: हजारो माणसांच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी आत दमटपणा साचतो, गवतावर दव धरतं, खेळाडू घसरतात. म्हणून वातानुकूलन यंत्रणा आतली हवा कोरडी करते आणि मगच खेळ सुरू होतो. त्या वर्षी २९ जूनला दिनारा साफिना आणि अमेली मोरेस्मो यांच्या सामन्यात छत पहिल्यांदा मिटलं. त्याच संध्याकाळी अँडी मरे आणि स्टॅन वावरिंका पाच सेट खेळले आणि सामना रात्री १०.३८ला संपला.

या कामाला डिबेंचरच्या पैशाचं बळ होतं. आणि एकदा छत आलं म्हणताच खुर्ची पावसाच्या तावडीतून सुटली, तिकिटातला जुगार गेला, पुनर्विक्रीचा भाव पक्का झाला आणि पुढच्या मालिकेची किंमत वर गेली. त्या पैशातून पुढचं बांधकाम. १२,३४५ खुर्च्यांच्या नंबर वन कोर्टवर २०१९ साली दुसरं छत आलं. त्या कोर्टची डिबेंचरं वेगळी निघतात. त्यावर अंतिम सामने होत नसल्याने दिवस कमी आणि किंमतही कमी.

छताने सगळी जोखीम मात्र गेली नाही. १ एप्रिल २०२० रोजी क्लबने त्या वर्षीची स्पर्धा रद्द केली. दुसऱ्या महायुद्धानंतर असं पहिल्यांदाच घडलं. २०१६ ते २०२०च्या मालिकेतलं शेवटचं वर्ष असं कोविडने खाल्लं. पुढच्या मालिकेची सुरुवातही अर्ध्या प्रेक्षकांनी झाली. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत सेंटर कोर्ट पूर्ण भरू दिलं नव्हतं. पुनर्विक्रीवर भिस्त ठेवून दोन्ही मालिकांत पैसे गुंतवलेल्या माणसाची त्या दोन वर्षांत काय अवस्था झाली असेल याचा अंदाज करता येतो.

खेळाची अनिश्चितता तर कुठल्याच छताखाली मावत नाही. २०१९चा पुरुष अंतिम सामना, जोकोविच विरुद्ध फेडरर, चार तास ५७ मिनिटं चालला. विम्बल्डनच्या इतिहासातला सगळ्यात लांब अंतिम सामना. २०२५च्या महिला अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं तेव्हा सगळं ५७ मिनिटांत आटोपलं. त्या दुपारी काही हजार पौंड मोजून बसलेल्या माणसाला एक तासही टेनिस मिळालं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सिनर आणि अल्काराझ यांना पाहायला तेवढीच गर्दी होती. फेडररने सप्टेंबर २०२२मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा या बाजाराचं काय होणार अशी शंका घेणारे होते. पुढच्या मालिकेची किंमत त्याला उत्तर आहे. खेळाडू येतात-जातात, लोक त्या कोर्टवर बसण्यासाठी पैसे मोजतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती मला मनापासून खुपते. टीव्हीवर स्पर्धा पाहणाऱ्यांनी हे अनेकदा पाहिलं असेल: सामना रंगात आलेला आणि मोक्याच्या जागांवर हिरव्या खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या. राखीव दालनांतलं जेवण लांबतं, किंवा पाहुणे दुसऱ्या सामन्यानंतरच येतात. खेळावर जीव असलेला माणूस बाहेर टेकडीवर मोठ्या पडद्यावर तोच सामना पाहत असतो. डिबेंचरच्या पद्धतीवर सगळ्यात रास्त टीका हीच आहे, आणि ती केवळ महाग आहे म्हणून होणाऱ्या टीकेहून वेगळी आहे.

याचं उत्तर म्हणून विम्बल्डनकडे रांग आहे. जगातल्या मोठ्या स्पर्धांत त्याच दिवशी येऊन उत्तम जागा मिळवता येईल अशी ठिकाणं फार थोडी उरली. इथे शेवटचे चार दिवस सोडले तर रोज सेंटर कोर्टची पाचशे तिकिटं रांगेसाठी ठेवलेली असतात, नंबर वन आणि नंबर टू कोर्टची तेवढीच. लोक आदल्या दिवशी विम्बल्डन पार्कात तंबू ठोकून झोपतात. तंबू दोघांहून जास्त माणसांचा चालत नाही. रांगेत लागताच क्रमांक असलेलं कार्ड मिळतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ जागा सोडायची नाही. पहाटे स्वयंसेवक तंबूवर टकटक करून उठवतात, सामान ठेवायला लावतात, आणि पुढच्या माणसांच्या मनगटावर कोर्टनुसार पट्ट्या बांधतात. पट्टी मिळाली की त्या दिवसाची जागा पक्की. शिवाय संध्याकाळी लवकर निघणारे प्रेक्षक आपली जागा परत करतात आणि ती मैदानातच नाममात्र दराने पुन्हा विकली जाते. ते पैसे धर्मादाय कामाला. एकाच कोर्टवर दोन प्रकारची पुनर्विक्री चालते, एक हजारो पौंडांची आणि एक चहा-नाश्त्याच्या पैशांत.

रात्रभर तंबूत झोपून दीड-दोनशे पौंडांत जागा मिळवणारा आणि १,१६,००० पौंड भरलेला धारक एकाच छताखाली बसतात. छताचा खर्च दुसऱ्याने उचललेला असतो म्हणून पहिल्याच्या तिकिटावर तो चढत नाही. कोर्टच्या भिंतींवर जाहिरातींचे फलक नसतात हेही याच हिशेबात धरायला हवं. स्लॅझेंजरचे चेंडू १९०२पासून आहेत, रोलेक्सचं घड्याळ आहे, पण इतर मोठ्या मैदानांसारखी कोर्टची चौकट कंपन्यांना विकलेली नाही. भिंती न विकण्याची ऐपत खुर्च्या विकून आली आहे. स्पर्धेच्या नफ्याचा मोठा भाग, करारानुसार नव्वद टक्के, ब्रिटनच्या लॉन टेनिस असोसिएशनला जातो आणि डिबेंचरचा पैसा मैदानाच्या बांधकामाकडे. दोन थैल्या वेगळ्या ठेवल्यामुळे एकीची चणचण दुसरीवर पडत नाही.

खुर्ची कोणाची या प्रश्नाने क्रीडांगणं उभी राहतात हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने भरवणार मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि कोणाला किती जागा मिळाव्यात यावरून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वाद विकोपाला गेला. एका बाजूला विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर शेषराव वानखेडे. अखेर वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधलं, वर्षभराच्या आसपास, आणि जानेवारी १९७५मध्ये क्लाइव्ह लॉइडने तिथल्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२ धावा ठोकल्या. लंडनमध्ये खुर्च्या विकून मैदान बांधलं. मुंबईत खुर्च्या मिळेनात म्हणून बांधलं.

खुर्ची विकण्यात मुदत किती महत्त्वाची असते ते पाहायला विम्बल्डनहून लांब जावं लागत नाही. त्याच शहरातला रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडला. बांधकामाचे पैसे उभे करायला त्याच्याही खुर्च्या आगाऊ विकल्या होत्या, शंभर पौंडांना एक, आणि मुदत ९९९ वर्षं! सव्वापाच हजारांतल्या बाराशेहून जास्त खुर्च्या आजही खासगी मालकीच्या आहेत. त्या वारशाने जातात, विकल्या जातात, आणि गाजलेल्या कार्यक्रमांची तिकिटं मालक बाजारभावाने काढतात. संस्थेच्या कारभारातही या खुर्चीमालकांचंच वजन असल्याने त्यावरून तिथे अनेक वर्षं कडाक्याचा वाद चालला आहे. शंभर पौंड १८७१मध्येच खर्च होऊन गेले. खुर्ची मात्र अजून आठ शतकांहून जास्त काळ मालकाची राहणार. विम्बल्डनने पाच वर्षांची मुदत ठेवली आणि तीच खुर्ची पुन्हा पुन्हा, त्या त्या काळच्या भावाने विकली. धारकाला मत नाही, मालकी नाही. क्लब आपल्या मोजक्या सभासदांच्याच हातात राहिला.

या पैशाचं पुढचं मोठं काम रस्त्यापलीकडे आहे. चर्च रोडच्या दुसऱ्या बाजूला विम्बल्डन पार्कचं गोल्फ मैदान होतं. जमीन १९९३पासून क्लबची, पण गोल्फ क्लबकडे २०४१पर्यंत भाडेपट्टा. डिसेंबर २०१८मध्ये गोल्फ क्लबच्या सभासदांनी साडेसहा कोटी पौंड घेऊन तो सोडायचं ठरवलं. तिथे आठ हजार खुर्च्यांचं नवं कोर्ट आणि आणखी ३८ गवताची कोर्टं बांधायची योजना आहे. पात्रता फेरी आज काही मैलांवर रोहॅम्प्टनला होते. ती या जागेत आणायची म्हणजे स्पर्धा तीन आठवड्यांची होईल. आसपासच्या रहिवाशांचा त्याला कडवा विरोध आहे, कारण मोकळी हिरवी जागा जाणार. सप्टेंबर २०२४मध्ये लंडनच्या महापौर कार्यालयाने परवानगी दिली, रहिवासी न्यायालयात गेले, जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, तरी लढा थांबलेला नाही. दरम्यान नंबर वन कोर्टची चालू मालिका २०२६च्या स्पर्धेबरोबर संपते आणि २०२७ ते २०३१च्या मालिकेत त्या खुर्च्या पुन्हा नव्या भावाने जातात.